'तू ठरव' एवढ्याने भागत नाही

ताई,
मी ३४ वर्षांची आहे. नऊ वर्षं एकाच कंपनीत टेस्टिंगचं काम करते. कंपनी मला अकरा महिन्यांसाठी परदेशातल्या ऑफिसात पाठवायचं म्हणतेय. कळवायला पंधरा दिवसांची मुदत आहे. मुलगा पाच वर्षांचा. नवरा म्हणतो, "तू ठरव, माझी ना नाही." सासूबाई म्हणतात, "आम्ही सांभाळू गं, पण त्याला आता कळायला लागलंय." आई म्हणते, आता नाही तर कधी? मॅनेजर म्हणतात, अशी संधी परत येईलच असं नाही. रात्री ठरवते की जायचं, आणि सकाळी मुलाला शाळेसाठी उठवायला गेले की पाय निघत नाही. गेले तर मी स्वार्थी ठरेन का? नाही गेले तर आयुष्यभर चुटपुट लागेल का?
— दोन्हीकडून ओढलेली

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या मुदतीचे दिवस थोडे आहेत, म्हणून हे उत्तर आधी तुला पाठवलं आणि तुझ्या परवानगीने आता इथे देतेय.

तुझं पत्र हाताने लिहिलेलं आहे, म्हणून एक गोष्ट मला दिसली. दुसऱ्या पानाच्या तळाशी तू 'मला जायचंय' असं लिहिलंस, मग ते खोडलंस आणि वर बारीक अक्षरात 'जाण्याची संधी आहे' असं केलंस. खोडताना पेन एवढं दाबलं गेलंय की कागदाच्या मागच्या बाजूला वळ उठलाय. पत्रात बाकी सगळ्यांचं म्हणणं आहे, अगदी शब्दाला शब्द. तुझं स्वतःचं म्हणणं तेवढं एकच वाक्य होतं, आणि ते तू खोडून टाकलंस.

आता नवऱ्याच्या 'तू ठरव'बद्दल. तो वाईट मनाने बोलला असेल असं मला अजिबात वाटत नाही. पण या दोन शब्दांनी काय होतं ते बघ. गेलीस आणि मुलगा आजारी पडला, तर निर्णय तुझा होता. राहिलीस आणि दोन वर्षांनी मन खट्टू झालं, तरी निर्णय तुझाच होता. ना नाही म्हणणं वेगळं आणि हो म्हणणं वेगळं. त्याने हो म्हणायचं असेल तर त्याला त्याचे अकरा महिने डोळ्यांसमोर आणावे लागतील. सकाळी मुलाची तयारी कोण करणार, ताप आला तर रजा कोण टाकणार, शाळेच्या मीटिंगला कोण जाणार, सासूबाई थकल्या तर पुढे काय. हे सगळं त्याने स्वतःच्या तोंडाने बोलायला हवं, तू यादी करून त्याच्या हातात द्यायची नाहीस. यादी तूच केलीस तर तिथे बसूनही घर तूच चालवशील.

मी स्वतः एकदा दहा महिने कामासाठी बाहेरदेशी होते. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. सुरुवातीला मी रोज व्हिडिओ कॉलवर तिला प्रश्न विचारायचे, जेवलीस का, शाळेत काय झालं. ती दोन शब्दांत उत्तर द्यायची आणि पळून जायची, आणि माझा जीव खालीवर व्हायचा की ही मला विसरत चाललीय. मग एक दिवस तिच्या बाबाने फोन टेबलावर पुस्तकाला टेकवून ठेवला आणि ती शेजारी चित्र रंगवत बसली. वीस मिनिटं आम्ही जवळजवळ काहीच बोललो नाही. मी माझे कपडे घडी घालत होते. मध्येच मान वर न करता ती म्हणाली, "आई, निळा संपला." त्यानंतर आम्ही तसंच करत गेलो. एवढ्या लहान मुलाला गप्पा मारायला आई नको असते, आसपास असायला हवी असते, आणि ते थोडंफार फोनवरही जमतं. मात्र वेळ ठरलेली हवी, घड्याळातल्या फरकाचा हिशेब आधीच करून. आणि तो झोपेत असताना गुपचूप निघू नकोस. त्याला सांग, किती महिने ते कॅलेंडरवर दाखव, आणि मध्ये भेटायला येणं नक्की नसेल तर येते म्हणून कबूल करू नकोस.

स्वार्थाचं विचारलंस. कामात पुढे जावंसं वाटणं हा स्वार्थ असेल, तर तुझ्या ऑफिसातले जे बाबालोक लहान मुलं घरी ठेवून असेच जाऊन आले, त्यांना हा प्रश्न कुणी विचारला होता का? मला याचा राग येतो, आणि तो तुझ्यावर नाही.

चुटपुटीबद्दल थोडं संशोधन आहे. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडलं की जवळच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टी जास्त सलतात, आणि आयुष्याकडे मागे वळून बघताना न केलेल्या. केलेली चूक आपण सावरून घेतो, तिच्यातून काही शिकलो असं म्हणतो. न केलेलं मात्र मनात उघडंच राहतं. पण यावरून 'म्हणून जा' असा अर्थ काढू नकोस. मनापासून घेतलेला नकार आणि भीतीने टाळलेला होकार यांतला फरक तुझा तुलाच कळेल.

आता कागदपत्रं. इथे मी तुझ्या मागेच लागणार आहे, कारण तोंडी आश्वासनं मी भोगली आहेत. मी परत आले तेव्हा माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली होती. माझ्या खणावर तिच्या नावाची चिठ्ठी होती आणि तिच्याखालून माझ्या चिठ्ठीचा कोपरा अजून दिसत होता. मला पाठवणारे साहेब मधल्या काळात बदलून गेले होते, आणि नव्यांना काहीच माहीत नव्हतं. पुढचे पाच महिने मी मिळेल ते काम करत काढले. म्हणून आल्यावर कोणतं पद, कोणत्या विभागात, किती पगारावर, आणि या अकरा महिन्यांचा काळ पगारवाढीत धरणार की नाही, हे सगळं लेखी घे. मॅनेजरचा मेसेज म्हणजे लेखी नव्हे. एचआरचं पत्र हवं.

व्हिसा कामाचाच हवा. 'आधी बिझनेस व्हिसावर जा, मग बघू' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांब. त्या व्हिसावर सहसा मीटिंगला बसता येतं, नोकरी करता येत नाही, आणि पकडलं गेलं तर शिक्का तुझ्या पासपोर्टवर बसतो. कराचंही विचार. देशादेशांतल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारांत बहुधा १८३ दिवसांची मर्यादा असते. त्याहून कमी राहिलं आणि बाकीच्या अटी जुळल्या तर तिथे कर लागत नाही. तुझे अकरा महिने ती मर्यादा ओलांडतात, तेव्हा तिथे कर भरावा लागेल असं धरूनच चाल, आणि तो कोण भरणार, विवरणपत्र कोण करून देणार हे आधी ठरव. सामाजिक सुरक्षेची वर्गणी, म्हणजे आपल्याकडे पगारातून पीएफ कापतात तशी, दोन्हीकडे कापली जाऊ नये म्हणून काही देशांमध्ये आपसांत करार आहेत. तसा करार असेल तर कंपनीने आधीच प्रमाणपत्र काढून द्यायचं असतं. आरोग्य विमा, राहण्याचं भाडं, आणि करार मोडून लवकर परतलीस तर काही रक्कम परत मागणार का, तेही बघ. आणि घरी कुणाला अचानक काही झालं तर येण्याजाण्याचं तिकीट कोण काढणार? तुझ्यासाठी हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

तिथे गेल्यावर मध्येच कधीतरी मन खचेल, तेही आत्ताच सांगून ठेवते. स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये अमेरिकेत जाऊन आलेल्या दोनशे देशबांधवांचा अभ्यास केला. सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले बरे होते, दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही बरे होते. अवघड गेलं ते मधल्यांना. पुढच्या अभ्यासांत प्रत्येकाचं असंच होतं असं दिसलं नाही, पण तुझे अकरा महिने नेमके त्या मधल्या पट्ट्यात येतात. तेव्हा सातव्या महिन्यात रविवारी संध्याकाळी खोलीत एकटी बसून 'मी चुकले' असं वाटलं, तर त्या संध्याकाळी कोणताही निर्णय घेऊ नकोस. सोमवारी कामावर जा, कुणाशी तरी बोल.

माझं मत विचारशील तर, जा. पण दोन अटींवर. परतीचं पत्र हातात आल्यावर, आणि नवऱ्याने त्याचे अकरा महिने तुला सांगितल्यावर. यातली एक जरी पुरी झाली नाही तर नकार दे, आणि तो मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत लांबवू नकोस. कारण विचारलं तर 'आत्ता शक्य नाही, पुढच्या वेळी माझं नाव धरा' एवढंच लेखी कळव. आणि घरी मुलासमोर कुणालाही, तुला स्वतःलासुद्धा, 'त्याच्यामुळे राहिले' असं म्हणू देऊ नकोस. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यात असं वाक्य घर करून राहतं.

एचआरला प्रश्न उद्या सकाळी पाठव. त्याआधी, आज रात्री मुलगा झोपला की नवऱ्याजवळ बस आणि ते खोडलेलं वाक्य त्याला सांग, जसं आधी लिहिलं होतंस तसंच. मग गप्प राहा आणि त्याला बोलू दे. कंपनीला कळवायला अजून नऊ दिवस आहेत.

तुझी,
ताई