ओकच्या फळीचा ग्रेड: दिसणं वेगळं, टिकणं वेगळं

तुम्हाला ओहायोतल्या घराच्या १६ बाय २० फुटांच्या दिवाणखान्यात पाऊण इंच जाड, सव्वादोन इंच रुंद रेड ओकच्या फळ्यांची जमीन बसवायची आहे. 'नंबर वन कॉमन' हा ग्रेड 'सिलेक्ट'पेक्षा स्वस्त, म्हणून तो लवकर झिजेल का, असं विचारलंत. नाही झिजणार. लाकूड तेच, वाळवणं तेच, कडेची खाचही तीच. ग्रेड ठरतो तो मुख्यतः फळीच्या वरच्या बाजूकडे पाहून.

पॉलिश न केलेल्या ओकचे अमेरिकेत चार ग्रेड आहेत: क्लिअर, सिलेक्ट, नंबर वन कॉमन, नंबर टू कॉमन. क्लिअरमध्ये डाग-गाठी जवळपास नसतात. सिलेक्टमध्ये बारीक गाठी आणि सालीलगतचं फिकट लाकूड चालतं. नंबर वनमध्ये रंगातला फरक ठळक दिसतो, गाठीही जास्त. नंबर टूमध्ये मोठ्या गाठी, किड्यांची भोकं आणि पुट्टी भरलेल्या जागाही येतात.

दुकानात सहसा न सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे लांबी. याच क्रमाने फळीची सरासरी लांबी पावणेचार, सव्वातीन, पावणेतीन आणि सव्वादोन फूट असते. म्हणजे ग्रेड उतरला की जमिनीवर सांधे वाढतात. २० फुटांच्या खोलीत ते गाठींआधी नजरेत भरतात, म्हणून निर्णय यावरच घ्या. मला विचाराल तर दिवाणखान्याला सिलेक्ट आणि बेडरूमला नंबर वन.

गडद स्टेननं, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या रंगानं, सगळं एकसारखं होईल, या भरवशावर राहू नका. गाभा आणि फिकट भाग स्टेन वेगवेगळा पितात. दोन-चार फळ्यांवर आधी लावून पाहा.

कारखान्यातून पॉलिश होऊन येणाऱ्या मालावर 'प्रीमियम', 'कॅरॅक्टर', 'रस्टिक' अशी नावं असतात. ती बहुतेक कंपन्यांची स्वतःची, एकमेकांशी जुळतीलच असं नाही. नमुन्याची एकच फळी पाहून ठरवू नका, अख्खं खोकं उघडायला सांगा.

तुमच्या ३२० चौरस फुटांना १० टक्के जादा धरून ३५२ चौरस फूट मागवा. खिळे मारण्याआधी चार-पाच खोक्यांतल्या फळ्या मिसळून कोरड्याच मांडा. शेजारच्या ओळींतल्या सांध्यांत किमान ६ इंच अंतर ठेवा, आखूड आणि डागाळ फळ्या कपाटात, सोफ्याखाली घाला. नापसंत फळी तेव्हाच बाजूला काढा. एकदा बसवली की ती तुम्ही पसंत केली असं धरतात, मग दिसण्याची तक्रार सहसा चालत नाही.