वाचकांचे प्रश्न : डेटाबेस बॅकअपचे सॉफ्टवेअर निवडताना

प्रश्न : आमच्या संस्थेचा मुख्य डेटाबेस सुमारे २ टेराबाइटचा असून त्याचा रोज रात्री पूर्ण बॅकअप घेतला जातो. आता स्वतंत्र बॅकअप सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले आहे. पण विक्रेत्यांनी दिलेल्या वैशिष्ट्यांच्या याद्या जवळजवळ सारख्याच आहेत. निवड कशी करावी?

उत्तर : या याद्या सारख्या दिसतात, कारण त्यांतला बराचसा मजकूर बॅकअप घेण्याविषयी असतो आणि तेवढे काम आता कोणतेही बरे सॉफ्टवेअर करते. खरा फरक दिसतो तो डेटा परत आणताना. म्हणून विक्रेत्यांना बोलावण्याआधी व्यवस्थापनाकडून दोन आकडे लेखी घ्यावेत : बिघाड झाल्यास किती वेळाच्या नोंदी गमावलेल्या चालतील, आणि काम किती वेळात पुन्हा सुरू झाले पाहिजे. पहिल्याला आरपीओ आणि दुसऱ्याला आरटीओ म्हणतात. फक्त रात्री बॅकअप घेणाऱ्या संस्थेचा आरपीओ, कोणी मान्य करो वा न करो, २४ तासांचा असतो. आरटीओचा अंदाजही कागदावर बांधता येतो : सेकंदाला २०० मेगाबाइट गतीने २ टेराबाइट उतरवायलाच सुमारे पावणेतीन तास लागतात, आणि त्यानंतरची तपासणी वेगळीच.

दिवसभरातले व्यवहार वाचवायचे असतील, तर ट्रान्झॅक्शन लॉगचा (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची क्रमाने नोंद ठेवणाऱ्या फाइलींचा) बॅकअप थोड्या थोड्या वेळाने घ्यावाच लागतो. त्यासाठी ओरॅकलमध्ये आर्काइव्हलॉग मोड, एसक्यूएल सर्व्हरमध्ये फुल रिकव्हरी मॉडेल आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये वॉल (म्हणजे त्याच्या लॉगच्या) फाइलींचे आर्काइव्हिंग आधीपासून सुरू असले पाहिजे. ते नसेल, तर कितीही महागडे सॉफ्टवेअर घेतले तरी हव्या त्या क्षणापर्यंत मागे जाता येत नाही. ही गोष्ट विक्रेता आपणहून सांगेलच असे नाही.

एक प्रसंग धरून चालू. एसक्यूएल सर्व्हरवर रविवारी रात्री पूर्ण बॅकअप, रोज रात्री ११ वाजता डिफरेन्शियल (पूर्ण बॅकअपनंतर बदललेल्या भागाचाच बॅकअप) आणि दर १५ मिनिटांनी लॉग अशी व्यवस्था आहे. बुधवारी दुपारी २.४० वाजता कोणीतरी ‘व्हेअर’ची (कोणत्या ओळी बदलायच्या हे सांगणारी) अट न लिहिताच अपडेट चालवला आणि सगळ्या ग्राहकांचा पत्ता एकच झाला. अशा वेळी आधी शेवटच्या लॉगचा बॅकअप घ्यायचा. मग रविवारचा पूर्ण बॅकअप, मंगळवार रात्रीचे डिफरेन्शियल आणि त्यानंतरच्या साठाहून अधिक लॉग-फाइली क्रमाने लावत २.३९ वाजता थांबायचे. मधली एक फाइल जरी हरवली असेल, तरी साखळी तिथेच तुटते. या सगळ्या फाइली स्वतः शोधून, त्यांचा क्रम लावून, चालू डेटाबेसला हात न लावता शेजारी दुसऱ्या नावाने प्रत उभी करणारे आणि तिच्यातून तेवढाच टेबल उचलू देणारे सॉफ्टवेअर पैसे मोजण्याजोगे आहे. विक्रेत्याकडून प्रात्यक्षिक मागायचे ते याच प्रसंगाचे. रंगीत डॅशबोर्ड नंतर पाहता येईल.

प्रश्न : आमच्याकडे सतत अद्ययावत राहणारी रेप्लिका (दुसऱ्या सर्व्हरवरची डेटाबेसची प्रत) आहे आणि स्टोरेजवर स्नॅपशॉटही (त्या त्या क्षणीच्या स्थितीच्या प्रती) घेतले जातात. मग बॅकअप कशाला?

उत्तर : रेप्लिका सर्व्हर बंद पडण्यापासून वाचवते, चुकीच्या आज्ञेपासून नाही. मुख्य सर्व्हरवर डिलीट झालेली ओळ काही क्षणांत रेप्लिकावरूनही जाते. स्नॅपशॉट झटपट परत आणता येतो, ही त्याची जमेची बाजू. पण तो त्याच स्टोरेजवर असेल, तर ते स्टोरेज गेले की तोही गेला. डेटाबेसच्या डेटा आणि लॉग फाइली वेगवेगळ्या व्हॉल्यूमवर असतील, तर दोन्हींचे स्नॅपशॉट एकाच क्षणी घेतले जातात का, हेही विचारावे.

प्रश्न : सध्याचे सॉफ्टवेअर रोज सकाळी ‘बॅकअप यशस्वी’ असा मेल पाठवते. तेवढ्यावर विसंबावे का?

उत्तर : नाही. प्रोग्रामचा कोड सांभाळण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबने २०१७ साली स्वतःच जाहीर केलेली हकिगत या संदर्भात वाचण्यासारखी आहे. ३१ जानेवारी रोजी रेप्लिकेशनची दुरुस्ती करताना त्यांच्या अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसचीच डिरेक्टरी पुसली गेली. बॅकअप शोधायला गेले, तर तिथे काहीच नव्हते : सर्व्हर पोस्टग्रेएसक्यूएल ९.६ वर होता आणि बॅकअपचे काम ९.२ आवृत्तीचे साधन करू पाहत होते, त्यामुळे ते दर वेळी अपयशी ठरत होते. अपयशाचे मेलही मेल सर्व्हर नाकारत होता, म्हणून कोणाला पत्ताच लागला नाही. सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेला एक स्नॅपशॉट सापडला म्हणून पुष्कळसे वाचले. मधल्या नोंदी मात्र गेल्या.

तेव्हा मेल आला नाही, तर त्यावर आरडाओरडा करणारी वेगळी व्यवस्था हवी. एसक्यूएल सर्व्हरची ‘व्हेरिफायओन्ली’ आज्ञा फाइल वाचता येते का, एवढेच प्रामुख्याने पाहते. आतला डेटा धड आहे की नाही, हे वेगळ्या सर्व्हरवर रिस्टोअर करून ‘चेकडीबी’ ही तपासणीची आज्ञा चालवल्यावरच कळते. ठरलेल्या वेळी हे आपोआप करून लागलेल्या वेळाची नोंद ठेवणारी सोय यादीत बहुधा तळाशी असते. माझ्या मते ती वरच्या दोन-तीनांत असायला हवी.

प्रश्न : डीडुप्लिकेशन (सारखे तुकडे एकदाच साठवणे) आणि एन्क्रिप्शन (डेटा सांकेतिक रूपात ठेवणे) दोन्ही वापरता येतात का? आणि डेटा अडकवून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरचे काय?

उत्तर : वापरता येतात, पण क्रम महत्त्वाचा आहे. डेटाबेसने फाइल आधीच एन्क्रिप्ट करून पाठवली, तर सारखे तुकडे सॉफ्टवेअरला ओळखता येत नाहीत आणि जागेची बचत जवळपास संपते. म्हणून आधी डीडुप्लिकेशन, मग कॉम्प्रेशन आणि शेवटी एन्क्रिप्शन, असा क्रम ते पाळते का, हे पाहावे. रॅन्समवेअर चालवणारे बॅकअपही शोधून पुसतात. त्यामुळे निदान एक प्रत अशी हवी, जी ठरावीक मुदतीपर्यंत ॲडमिनिस्ट्रेटरलाही पुसता किंवा बदलता येणार नाही. एन्क्रिप्शनची की किंवा सर्टिफिकेट मात्र फक्त त्याच सर्व्हरवर किंवा त्याच बॅकअपमध्ये ठेवू नये. सर्व्हर गेल्यावर नव्या मशीनवर रिस्टोअर करताना तेच पहिल्यांदा मागितले जाते, आणि ते नसेल तर धडधाकट बॅकअपही उघडत नाही.