लग्न ठरवताना आपण सिकलसेलचे वाहक असल्याचे समोरच्यांना सांगावे का?

आपला अहवाल 'एएस', म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक असल्याचा, आला आहे, स्थळ चालून आले आहे आणि घरचे म्हणतात की वाच्यता नको. अशा वेळी सांगणे नैतिकदृष्ट्या आवश्यक आहे का, असे आपण विचारले आहे. आवश्यक आहे, आणि तेही साखरपुड्याच्या आधी. कायदा काय म्हणतो ते वकिलाला विचारावे. मी चंद्रपूर जिल्ह्यातली शिक्षिका आहे आणि याच प्रश्नावरून आमच्या घरात झालेले भांडण अजून मिटलेले नाही.

माझ्या धाकट्या बहिणीची तपासणी महाविद्यालयातील शिबिरात झाली. निकाल तिच्या हाती देण्याऐवजी महाविद्यालयाने नावे आणि हजेरी क्रमांकांसह यादीच सूचना फलकावर लावली, आणि वाहकांच्या नावांखाली कोणीतरी लाल शाईने रेघा ओढल्या. ज्यांच्याशी बोलणी चालू होती, त्यांचा नकार मध्यस्थाकडून आला. आमच्या मामांनी तेव्हा फर्मावले की हा आजार आपल्या जातीत नसतो, अहवालच चुकला आहे, पुढच्या स्थळाला काही सांगायचे नाही. संततीला धोका नको म्हणून याच मामांनी पूर्वी एक चांगले स्थळ पत्रिकेत एकनाड निघाली या कारणाने परतवले होते! विदर्भात सिकलसेलचे प्रमाण आदिवासी आणि अनुसूचित जातींमध्ये अधिक आहे हे खरे, परंतु तो इतर मागासवर्गीयांतही आढळतो, हे त्यांना पटवून देण्याचे सर्व प्रयत्न व्यर्थ गेले.

पुढचे स्थळ आले तेव्हा पोह्यांच्या बश्या अजून हातात असतानाच बहिणीने मुलाला सांगितले, "मी वाहक आहे, आजारी नाही, तुम्हीही तपासणी करून घ्या, मग ठरवू." मामा उठून अंगणात गेले. मुलाचा अहवाल 'एए', म्हणजे वाहक नसल्याचा, आला आणि लग्न झाले.

दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल 'एसएस', म्हणजे आजारी, असण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचा अहवाल 'एए' असेल, तर मूल फार तर वाहक होते. म्हणून एवढ्याच कारणाने वाहकाला नाकारणारे लोक मला अडाणी वाटतात, मग ते कितीही शिकलेले असोत. सांगताना मात्र ते स्वतः सांगावे, मध्यस्थाकरवी नव्हे, आणि केवळ मुलीचाच अहवाल मागणाऱ्यांना तिथेच थांबवावे.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. शिबिरातील विद्राव्यता चाचणी, म्हणजे सिकलसेलची प्राथमिक रक्तचाचणी, पुरेशी नसते. जोडीदार बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक असला तरीही मुलाला गंभीर आजार होऊ शकतो, आणि तो दोष त्या चाचणीत दिसत नाही. त्यामुळे दोघांचीही एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी, तपासणी करावी. शिवाय आपला अहवाल भावंडांविषयीही काही सांगत असतो, म्हणून परक्यांच्या आधी त्यांना विश्वासात घ्यावे.

घरातील वडीलधारी मंडळी "आपल्यात हे नसते" म्हणत असतील, तर त्यांनाच तपासणीचा आग्रह करावा. आम्ही आईवडिलांची तपासणी केली तेव्हा हे जनुक आईकडून आल्याचे निघाले. तिच्या भावाने, म्हणजे मामांनी, आजतागायत तपासणीसाठी रक्त दिलेले नाही. न जाणून घेण्याचा त्यांना हक्क आहे, हे मी नाइलाजाने मान्य करते. पण त्यांच्या दोन्ही मुलांची लग्ने अजून व्हायची आहेत.