लाईन गेली, टॅब गेले

मे महिन्यात संध्याकाळी आभाळ भरून येतं, वारा सुटतो, लाईन जाते आणि दुसऱ्या दिवसापासून या सदराकडे विचारणा सुरू होते. या वेळचे जवळजवळ सगळे प्रश्न ब्राउझरमधल्या टॅबचे आहेत. उत्तरं वाचण्याआधी एक गोष्ट पाळा: टॅब गेलेले दिसले की घाबरून ब्राउझर पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नका. त्याचं कारण पहिल्याच उत्तरात आहे.

प्रश्न : परवाच्या वादळात लाईन गेली तेव्हा क्रोममध्ये तीसेक टॅब उघडे होते. स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, सगळं त्यातच. लाईन आल्यावर क्रोम उघडलं तर एकच कोरा टॅब येऊन राहिला. आता काही होऊ शकतं का?
— विद्यार्थी, मानेवाडा

बहुतेक वेळा होतं. कम्प्युटर असा अचानक बंद पडला की पुढच्या वेळी क्रोम वरच्या कोपऱ्यात 'रिस्टोअर पेजेस?' अशी छोटी पाटी दाखवतं. घाईत ती फुलीवर टिचकी मारून घालवली जाते. ती गेली असली तरी कोऱ्या टॅबवर असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि टी ही तीन बटणं एकत्र दाबा. अख्खी खिडकी गेली असेल तर ती अख्खीच परत येते, एकेक टॅब वेचावा लागत नाही. नाहीच आली तर उजवीकडचे तीन ठिपके, मग हिस्ट्री. तिथे 'रिसेंटली क्लोज्ड'खाली '३० टॅब्ज' अशी एखादी ओळ दिसते का पाहा. त्या ओळीवर टिचकी मारली की सगळे टॅब एकदम उघडतात.

इथेही काही नसेल तर फायलींकडे वळावं लागतं. क्रोम उघड्या टॅबची यादी दर काही सेकंदांनी डिस्कवर लिहीत असतं. पण त्याच्याकडे दोनच याद्या असतात: आत्ताची आणि त्याच्या आधीची. क्रोम बंद करून नव्याने उघडलं की आधीची यादी पुसली जाते, आत्ताची 'आधीची' होते आणि नवी सुरू होते. म्हणजे तीस टॅबची यादी पहिल्या वेळी हाताशी असते. त्यानंतर 'पुन्हा उघडून पाहू' असं एकदा जरी केलं तरी ती कायमची जाते. वर दिलेली सूचना याचसाठी.

ॲड्रेसच्या जागी क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि व्हर्जन असं इंग्रजीत टाइप करा. येणाऱ्या पानावर 'प्रोफाइल पाथ' अशी ओळ असते, ती कागदावर उतरवून घ्या. मग क्रोम पूर्ण बंद करा. खाली घड्याळाजवळच्या छोट्या चिन्हांत क्रोम दिसत असेल तर तिथूनही एक्झिट करा. आता त्या पाथवरचं फोल्डर उघडा. विंडोजमध्ये 'ॲपडेटा' हे फोल्डर लपवलेलं असतं, म्हणून फोल्डरांतून शोधत बसण्यापेक्षा पाथ सरळ वरच्या पट्टीत टाकणं सोपं. आत 'सेशन्स' नावाचं फोल्डर सापडेल. सगळ्यात आधी ते अख्खं कॉपी करून डेस्कटॉपवर ठेवा. ही पायरी गाळून पुढचं काही करू नका.

सेशन्समध्ये 'सेशन' आणि 'टॅब्ज' या नावांच्या फायली असतात, प्रत्येकीच्या शेवटी लांबलचक आकडा. फायलींचा आकार पाहा. तीस टॅबची सेशन फाइल मोठी असते, एका कोऱ्या टॅबची अगदी चिमुकली. चिमुकली नवी जोडी त्या फोल्डरातून काढून बाजूला ठेवा, मोठी जुनी जोडी राहू द्या आणि क्रोम उघडा. टॅब आपोआप आले नाहीत तर पुन्हा कंट्रोल-शिफ्ट-टी. दोन्ही जोड्या चिमुकल्याच निघाल्या तर त्या वाटेने काही हाती लागणार नाही. मग कंट्रोल आणि एच दाबून हिस्ट्रीत परवाची तारीख गाठा आणि पानं एकेक करून उघडा. क्रोमची हिस्ट्री ९० दिवसांची असते, तेव्हा पानं सापडतील, फक्त वेळ जाईल.

हे सगळं मार्गी लागल्यावर सेटिंग्जमध्ये 'ऑन स्टार्टअप' उघडून 'कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ' निवडून ठेवा.

आणि एक छोटा यूपीएस, म्हणजे लाईन गेल्यावर थोडा वेळ वीज देणारा बॅटरीचा डबा, घ्याच. ६०० व्हीएचा यूपीएस साध्या डेस्कटॉपला सुमारे दहा मिनिटं देतो, काम सेव्ह करून नीट बंद करायला तेवढी पुरतात. त्यावर कूलर किंवा लेझर प्रिंटर लावू नका. आतली बॅटरी लेड-ॲसिडची असते आणि तिचं आयुष्य २५ अंश तापमान धरून मोजलेलं असतं. त्यावर साधारण दर दहा अंशांना ते निम्मं होत जातं. आपल्याकडचा ४५ अंशांचा मे लक्षात घेता यूपीएस पश्चिमेच्या भिंतीला किंवा टेबलाखालच्या बंद कप्प्यात ठेवणं म्हणजे दर दीड-दोन वर्षांनी नव्या बॅटरीचा खर्च.

प्रश्न : उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात काम करतो. प्रत्येक प्रकरणाचे निकाल, कायद्याची पानं, कॉज लिस्ट (त्या दिवशीच्या सुनावण्यांची यादी) हे सगळं एका मोठ्या खिडकीत उघडं असतं. 'कंटिन्यू' वाली सेटिंग आधीपासून चालू आहे. तरीही आठवड्यातून एकदा तरी सकाळी फक्त एक भलतीच छोटी खिडकी उघडते आणि बाकीचं गायब.
— वकील, सिव्हिल लाइन्स

घोळ खिडक्या बंद करण्याच्या क्रमात आहे. एखाद्या संकेतस्थळाने स्वतःची छोटी खिडकी उघडलेली असते, ती मोठ्या खिडकीमागे दडते. संध्याकाळी तुम्ही मोठी खिडकी फुलीवर बंद करता. क्रोमच्या हिशेबी ती तुम्ही जाणूनबुजून बंद केली, काम अजून छोट्या खिडकीत चालू आहे. थोड्या वेळाने छोटी दिसते, तीही बंद करता. सकाळी क्रोम 'जिथे सोडलं तिथे' नेतं, म्हणजे त्या छोट्या खिडकीत. सेटिंग चोख काम करते, फक्त शेवटची खिडकी कोणती यावर तिचं आणि तुमचं एकमत नसतं.

म्हणून फुली वापरायची नाही. तीन ठिपके आणि सर्वांत खाली एक्झिट. त्याने सगळ्या खिडक्या एकदम मिटतात आणि एकदमच परत येतात. फायरफॉक्समध्ये याच कामाला विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि क्यू. आज सकाळी गेलेली मोठी खिडकी कंट्रोल-शिफ्ट-टीने बहुधा परत येईल, पण आधी इतर टॅब उघड-बंद करत बसलात तर ती रांगेत मागे सरकते. क्रोम अशा बंद केलेल्या २५ नोंदीच लक्षात ठेवतं.

आणखी एक शक्यता तपासून घ्या. ऑफिसच्या मशिनवर कनिष्ठ सहकाऱ्याचं वेगळं प्रोफाइल असेल तर क्रोम कधी कधी त्याच प्रोफाइलमध्ये उघडतं. टॅब नाहीत, बुकमार्क नाहीत, सगळंच पुसल्यासारखं दिसतं. तीन ठिपक्यांशेजारचं गोल चिन्ह आधी पाहा. निम्मे 'गायब' टॅब तिथेच सापडतात.

पण खरं सांगायचं तर प्रकरणाचे निकाल टॅबमध्ये ठेवणं म्हणजे फाइल कपाटात न ठेवता टेबलावर उघडी टाकणं. सुनावणी संपली की कंट्रोल, शिफ्ट आणि डी दाबा. सगळे उघडे टॅब एका बुकमार्क फोल्डरात जातात. फोल्डरला प्रकरण क्रमांक आणि तारीख हेच नाव द्या. रोजच्या कॉज लिस्टच्या टॅबवर उजवी टिचकी मारून 'पिन' करा. चालू प्रकरणांसाठी टॅब ग्रुप सोयीचे. ग्रुपला नाव आणि रंग देता येतो, आणि तो बंद केला तरी जतन राहून बुकमार्कच्या पट्टीवरून पुन्हा उघडता येतो. फक्त 'क्लोज' आणि 'डिलीट' या दोन आज्ञा मेनूत जवळजवळ आहेत, हात जपून. चाळीस टॅबमधून एक शोधायचा तर कंट्रोल, शिफ्ट आणि ए, मग पक्षकाराच्या नावाची दोन अक्षरं.

प्रश्न : फायरफॉक्स वापरते. 'रिस्टोअर प्रीव्हियस सेशन' हा पर्याय कधी कधी करडा पडलेला असतो, दाबलाच जात नाही. असं का?
— शिक्षिका, महाल

दोन कारणं. एक, सेटिंग्जमध्ये 'नेव्हर रिमेंबर हिस्ट्री' किंवा बंद होताना हिस्ट्री पुसण्याचा पर्याय चालू असतो. मग मागचं सत्र उरतच नाही, परत काय आणणार? प्रायव्हसीच्या पानावर ती खूण काढा. दुसरं कारण, मागचं सत्र याआधीच परत आणलेलं असतं किंवा त्याची फाइल खराब झालेली असते.

फाइल खराब असेल तर फायरफॉक्स या बाबतीत क्रोमहून उदार आहे. मेनूतून 'हेल्प', मग 'मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन', तिथे 'प्रोफाइल फोल्डर'पुढचं 'ओपन फोल्डर' दाबा आणि लगेच फायरफॉक्स पूर्ण बंद करा. आत 'सेशनस्टोअर-बॅकअप्स' नावाचं फोल्डर आहे. त्यात 'रिकव्हरी' नावाच्या फायली चालू सत्राच्या असतात, दर १५ सेकंदांनी ताज्या होतात. 'प्रीव्हियस' ही त्याआधीच्या सत्राची. 'अपग्रेड' ही फायरफॉक्सची आवृत्ती बदलली तेव्हाची, जुनी असते पण काहीच नसण्यापेक्षा बरी. हे बॅकअप फोल्डर डेस्कटॉपवर कॉपी करा. मग 'प्रीव्हियस' फाइलची एक प्रत वरच्या, म्हणजे मूळ प्रोफाइल फोल्डरात ठेवा आणि तिचं नाव बदलून 'सेशनस्टोअर' करा. टिंबानंतरचा भाग जसाच्या तसा राहू द्या, तो बदलला की फाइल वाचली जात नाही. त्या नावाची फाइल आधीच असेल तर तिला आधी बाजूला काढा. आता फायरफॉक्स उघडा आणि हिस्ट्री मेनूतून 'रिस्टोअर प्रीव्हियस सेशन' दाबा.

प्रश्न : मोबाइलवर क्रोममध्ये टॅबच्या आकड्याच्या जागी हसरा चेहरा दिसतो. व्हायरस आहे का? मुलगा म्हणतो, ॲपचा डेटा साफ करा.
— गृहिणी, नंदनवन

व्हायरस नाही. अँड्रॉइडवर टॅब शंभरावर गेले की त्या चौकोनात आकडा न दाखवता तो हसरा चेहरा येतो. डेटा मात्र साफ करू नका. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'क्लिअर कॅश' केलं तर टॅब राहतात, 'क्लिअर स्टोरेज' केलं तर सगळे जातात. दोन्ही बटणं शेजारी असतात. बराच काळ न उघडलेले टॅब क्रोम स्वतःच 'इनॅक्टिव्ह टॅब्ज' या कप्प्यात सरकवतं (मुदत २१ दिवसांची), तेव्हा एखादा टॅब दिसला नाही तर आधी तिथे पाहा. चुकून नुकताच बंद झालेला टॅब तीन ठिपक्यांतल्या 'रिसेंट टॅब्ज'मध्ये मिळतो. त्याच गूगल खात्याने लॉगिन असलेल्या कम्प्युटरवरचे टॅबही तिथेच दिसतात, फक्त सिंक चालू हवं.

प्रश्न : चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, पन्नासेक टॅब असतात. मेमरी सेव्हर चालू केल्यापासून टॅबवर परत गेलं की पान नव्याने लोड होतं आणि बँकेचं लॉगिन गेलेलं असतं.
— व्यापारी, कळमना

मेमरी सेव्हर टॅब बंद करत नाही, त्यातलं पान मेमरीतून काढतो. टॅबची पट्टी आणि पत्ता तेवढा उरतो, परत गेलात की पान पुन्हा आणावं लागतं. तोवर बँकेची मुदत संपलेली असली तर लॉगिन जाणारच. तो दोष सेव्हरचा नाही, बँकेचं पान तसंही काही मिनिटांनी बाहेर काढतंच. बाजारभावाच्या पानासारखी पानं सतत जिवंत हवी असतील तर सेटिंग्ज, परफॉर्मन्स, तिथे 'ऑलवेज कीप दीज साइट्स ॲक्टिव्ह'मध्ये त्यांचे पत्ते घाला. गाणं वाजत असलेला किंवा अर्धवट भरलेल्या फॉर्मचा टॅब क्रोम सहसा झोपवत नाही.

शिफ्ट आणि एस्केप दाबून क्रोमचा टास्क मॅनेजर उघडा आणि मेमरीच्या रकान्यावर टिचकी मारा. सर्वांत वर येणारे तीन-चार टॅब, बहुधा व्हिडिओ आणि मेल, तेवढे बंद केले तरी लॅपटॉप मोकळा श्वास घेतो. पन्नास टॅब बंद करायची गरज नसते.

टॅब साठवणाऱ्या एक्स्टेन्शनचा (ब्राउझरला जोडायच्या छोट्या जादा प्रोग्रॅमचा) सल्ला कोणी दिला तर जपून. 'द ग्रेट सस्पेंडर' हे अतिशय लोकप्रिय एक्स्टेन्शन गूगलने फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक कोड असल्याच्या कारणावरून बंद पाडलं आणि त्याने झोपवलेले टॅब एका रात्रीत निकामी झाले. ज्यांना माहीत होतं त्यांनी हिस्ट्रीतल्या लांबलचक पत्त्याचा पुढचा भाग खोडून मूळ पत्ता मिळवला. टॅबचे पत्ते यादीत साठवणारं 'वनटॅब' हे एक्स्टेन्शन घेतलं तर त्याची यादीही तुमच्याच मशिनवर असते. एक्स्टेन्शन काढलं की यादी गेली, म्हणून आधी त्यातल्या 'एक्स्पोर्ट'ने पत्ते एखाद्या फायलीत उतरवा.

प्रश्न : सीताबर्डीत ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. फॉर्म अर्धा भरला आणि चुकून टॅब बंद झाला तर कंट्रोल-शिफ्ट-टीने पान येतं, पण रकाने कधी भरलेले, कधी रिकामे. भरवसा कशावर ठेवायचा?
— दुकानदार, सीताबर्डी

कशावरच नाही. ब्राउझर पत्ता, मागे-पुढे जाण्याचा क्रम आणि जमलं तर रकान्यांतला मजकूर परत आणतो. पासवर्ड, ओटीपी आणि अपलोड केलेला फोटो आणत नाही. सर्व्हरने मधल्या काळात सत्र संपवलं असेल तर भरलेले दिसणारे रकानेही सबमिट होत नाहीत. जिथे 'सेव्ह ॲज ड्राफ्ट' आहे तिथे प्रत्येक टप्प्यावर ते दाबा, आणि अर्ज क्रमांक मिळताच कागदावर लिहा. शुल्क भरण्याचं पान बंद झालं तर ते परत आणून 'कन्फर्म फॉर्म रीसबमिशन'ला होकार देऊ नका, पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. आधी खात्यात काय झालं ते पाहा, मग संकेतस्थळावर नव्याने लॉगिन करून अर्जाची स्थिती तपासा.

तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या दुकानाला हे जास्त लागू आहे. एका ग्राहकाने बंद केलेला टॅब पुढचा ग्राहक त्याच तीन बटणांनी उघडू शकतो, आणि आधीच्याने लॉगआउट केलं नसेल तर त्याचं खातंही समोर येतं. प्रत्येक ग्राहकाला प्रोफाइलच्या चिन्हातून 'गेस्ट' खिडकी उघडून द्या आणि काम झालं की ती बंद करा, सगळं पुसलं जाईल. इन्कॉग्निटोही (हिस्ट्री न ठेवणारी खिडकी) चालतं, पण सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या बंद होईपर्यंत त्यांचं लॉगिन सामायिक असतं. एक जरी उघडी राहिली तरी आधीच्या ग्राहकाचं खातं उघडंच. आणि त्या खिडकीतला बंद झालेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टीने परत येत नाही, हे फॉर्म भरायला बसण्याआधीच ग्राहकाला सांगून ठेवा.