गर्भारपणात उशाशी इळा, ग्रहण, पाचवी: विदर्भातल्या खेड्यातल्या या प्रथा पाळाव्यात का?

ताई, तुम्ही लिहिलंय की माहेर पुण्याचं, सासर यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात आणि आता सहावा महिना चालू आहे. सासूबाई उशाशी इळा, म्हणजे विळा, ठेवायला लावतात, ग्रहणात पाण्याचा घोटही घेऊ देणार नाहीत आणि पाचवी झाल्याशिवाय लेकरू खोलीबाहेर न्यायचं नाही म्हणतात. मी दारव्हा तालुक्यातली. वीस वर्षं अंगणवाडीत होते आणि माझी आजी गावची सुईण होती, म्हणून मनापासून लिहिते.

आधी इळ्याचं. आजीचा इळा मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. मूठ बाभळीची, पातं घासून घासून निम्मं झालेलं. गरवारशी बाई आडवी झाली की तो बाजेखाली जायचा. "लोखंड जवळ असलं का बाहीरचं काई येत नाई," असं ती म्हणायची. मी आठ वर्षांची असताना माझ्या पाठीवर भाऊ झाला. बाळंतपण आजीनेच केलं. नाळ कापली ती त्याच इळ्याने, पदराला पुसून, आणि बेंबीवर चुलीतली राख दाबली. सहाव्या दिवशी त्याने दूध ओढणं सोडलं. जबडा आवळला, हात लावला की अंग कमानीसारखं ताणायचं. दुसऱ्या दिवशी गेला. सटवाईने नेला, असं घरात सगळे म्हणाले. तो धनुर्वात होता, हे मला अंगणवाडीच्या प्रशिक्षणात कळलं, आणि त्या दिवशी मी वर्गातून उठून बाहेर गेले.

आजीवर माझा राग नाही. पुढे तिने दाईचं प्रशिक्षण घेतलं. मग नवं ब्लेड, उकळलेला दोरा, साबणाने धुतलेले हात, बेंबीला काहीही न लावणं, हे सगळं ती शेवटपर्यंत काटेकोर पाळत होती. इळा मात्र बाजेखालीच राहिला, आणि तिथे तो कोणाचं काही बिघडवत नव्हता.

पाचवीची रात्र जागायची पद्धत का पडली असावी, हे मला या मरणानंतर उमगलं. नाळेतून झालेला धनुर्वात बहुतेक पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांतच दिसतो. बायांना जंतू माहीत नव्हते, पण लेकरं कोणत्या दिवसांत दगावतात हे चांगलं माहीत होतं. म्हणून पाटावर सटवाई मांडायची, ती कपाळावर नशीब लिहिते म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, आणि पाचजणींनी दिवा जपत बसायचं. गरोदरपणातली धनुर्वाताची इंजेक्शनं आणि दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, तसा हा आजार सरला. 2015 साली भारत त्यातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. तुमची इंजेक्शनं झाली आहेत ना, ते कार्डावर बघून घ्या.

ग्रहणाबद्दल मी ठाम आहे: उपाशी, तहानलेलं राहायचं नाही. तुम्ही काही चिरलं तर बाळाचा ओठ फाटतो म्हणतात, पण ओठ आणि टाळू पहिल्या तीन महिन्यांतच जुळून येतात. सहाव्या महिन्यात विळीला हात लावल्याने ते उसवत नाहीत. सासूबाईंशी वाद घालू नका, पंचांग उघडून दाखवा. त्यातही गर्भवतीला वेध कमी वेळ पाळायला सांगितलेले असतात. घरात बसा, भाजी दुसऱ्या कोणाला चिरू द्या, पण जेवा आणि पाणी प्या.

भरदुपारी विहिरीवर, नाल्यावर जाऊ नको, पाण्यातल्या साती आसरा धरतात, हे ऐकलंत तर खुशाल ऐका. शेवाळलेल्या पायऱ्यांवर पोटुशीने पाण्याची भरली गुंडी घेऊन चढू-उतरू नये, हे खरंच आहे.

मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टींची. "जास्त खाल्लं तर लेकरू मोठं होईल, बाळंतपण अडेल" म्हणून अर्धपोटी ठेवणं. पहिला चीक पिळून टाकणं. बंद खोलीत गोवऱ्यांची धुनी धरणं. मेळघाटात पोट फुगलं म्हणून तान्ह्याला तापल्या इळ्याचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. तो प्रकार कोणी सुचवला तर लेकरू उचलून सरळ दवाखाना गाठा. आणि लोहाच्या गोळ्या. शौच काळी होते, मळमळतं म्हणून आमच्या बाया त्या फडताळात टाकून द्यायच्या. 180 गोळ्या पूर्ण घ्या, जेवणानंतर, चहासोबत नको. लोखंड उशाशी असू द्या, पण पोटातही जाऊ द्या.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गावच्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं आणि त्या घरोघरी जाऊन नवजात बाळं तपासू लागल्या. तिथे बालमृत्यू किती घटले, हे 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्या बायाही बाजेशेजारीच बसत होत्या. फक्त त्यांच्या हातात घड्याळ, थर्मामीटर आणि वजनकाटा होता.

सातव्या महिन्यात ओटी भरतील तेव्हा हिरवं लुगडं नेसून मनभरून मिरवा. फक्त झाकलेल्या वाटीत पेढा की बर्फी, म्हणजे पोरगा की पोरगी, हा खेळ मांडू देऊ नका. पोरीच्या मायला तो फार लागतो, मी डोळ्यांनी पाहिलंय.

रक्त दिसलं, पाणी गेलं, डोकं सडकून दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा सुजला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर अंगाऱ्यासाठी थांबायचं नाही. 108 ला फोन करायचा. सासूबाईंना अंगारा लावायचाच असेल तर गाडीत बसून लावू द्या.

मागल्या वर्षी माझ्या सुनेची पाचवी झाली. बाळंतपण ग्रामीण रुग्णालयात झालं होतं, आजीचा इळा मीच बाजेखाली सरकवला होता. रात्रभर जागी होते. पाटावर सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं. नात दूध प्यायला उठली की मी त्यावर वेळ लिहायची. पहाटेपर्यंत पाच वेळा लिहिलं.