घड्याळ रात्रीच का थांबतं?

प्रश्न : माझे वडील कतारला नोकरीला होते. १९९८ साली सुट्टीवर येताना त्यांनी दोह्याहून स्वतःसाठी सेको ५ ऑटोमॅटिक (सेलशिवाय, हाताच्या हालचालीवर चालणारं) घड्याळ आणलं. ते गेल्यावर घड्याळ कपाटातच होतं, दिवाळीपासून मी वापरतो. माझं काम घरून, संगणकावर. रात्री टेबलावर काढून ठेवलं की सकाळी बऱ्याचदा बंद असतं, काटे बारा-एकच्या आसपास. बाजारातला दुकानदार म्हणतो, मशीन काढून सेलवालं बसवून देतो. बसवू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : मुळीच नको. सेलचं मशीन बसवलंत की वडिलांच्या घड्याळाची नुसती डबी उरेल, आणि निघालेलं मशीन सुट्या भागांसाठी त्याच दुकानदाराच्या खणात जाईल.

आधी घड्याळ उलटं करा. झाकणावर ७एस२६ असं कोरलेलं असेल, तर हे मशीन १९९६ पासूनचं. सिरीयल नंबरचा पहिला आकडा म्हणजे सालाचा शेवटचा आकडा, दुसरा महिन्याचा. नंबर ८ ने सुरू होत असेल तर तुमचं साल जुळलं.

चारच्या आकड्याजवळची चावी कितीही पिळा, या मशीनची स्प्रिंग भरत नाही. ती वेळ, वार, तारीख लावण्यापुरती. स्प्रिंग भरतो आतला रोटर, मनगट हललं की फिरणारं अर्धगोल वजन. त्याच्या हालचालीवर सेकोची मॅजिक लिव्हर चालते. तिला दोन अंकुश्या असतात, एक चाकाला ओढते, दुसरी ढकलते, म्हणून रोटर कुठल्याही बाजूला फिरला तरी स्प्रिंग भरतेच. पण हात हलला तर! तुमचा हात दिवसभर माउसवर. अशी अर्धीमुर्धी भरलेली स्प्रिंग रात्री आधी तारखेची चकती ओढते, मग वाराची. चोवीस तासांतलं सगळ्यात जड काम हेच. तुमचं घड्याळ तिथेच दम टाकतं, असा माझा पहिला संशय.

खात्री करून घ्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी घड्याळ आडवं धरून अर्धा मिनिट डावीकडे-उजवीकडे झुलवा, हातात घाला आणि दिवसभर चालणं-फिरणं, घरकाम करा. रात्री डायल वर करून ठेवा आणि थांबेपर्यंत हात लावू नका. साधारण चाळीस तास चाललं तर घड्याळ ठणठणीत आहे, व्यायाम तुम्हाला कमी पडतोय. दहा-बारा तासांत थांबलं तर घड्याळजीकडे न्या.

तिथे एक गोष्ट समोर करून मागा. चांगला कारागीर मागचं झाकण काढतो आणि रॅचेट चाकाचा (स्प्रिंग गुंडाळणाऱ्या दातेरी चाकाचा) स्क्रू साधारण आठ फेरे फिरवून स्प्रिंग हाताने पूर्ण भरतो. मग घड्याळ पुरे चाळीसेक तास चाललं, तर दोष भरण्याच्या बाजूला : रोटरचा स्क्रू सैल होऊन वजन झाकणाला घासतंय (कानाशी धरून हलवा, खरखर ऐकू येईल), नाहीतर लिव्हरच्या अंकुश्या झिजल्यात. पूर्ण भरूनही लवकर थांबलं, तर तेल सुकलंय. इतकी वर्षं कपाटात पडून ते चिकट होतं, आणि ज्या बारीक भोकांत चाकांच्या खुंट्या फिरतात तिथे भिंगातून काळपट कडं दिसतं. अशा वेळी मशीन पूर्ण उघडून धुवून नव्याने तेल घालायला हवं. वरून थेंबभर तेल सोडून ‘झालं’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. स्प्रिंगही तेव्हाच बदलून घ्या, इतकी जुनी परत घालण्यात काटकसर नाही.

आणि रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात वार-तारीख बदलू नका. तेव्हा दाते एकमेकांत अडकलेले असतात, जबरदस्ती केली की तुटतात.

प्रश्न : माझं ऑटोमॅटिक थांबत नाही, पण अचानक रोज वीस-पंचवीस मिनिटं पुढे जायला लागलं. आपटलेलं नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : रात्री ते स्पीकरजवळ किंवा चुंबकाचं झाकण असलेल्या मोबाइल कव्हरवर ठेवता का? बॅलन्सच्या, म्हणजे घड्याळाचा वेग ठरवणाऱ्या झुलत्या चाकाच्या, केसासारख्या स्प्रिंगचे वेढे चुंबकाने एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळतं. साधं होकायंत्र जवळ न्या. सुई हलली तर घड्याळजीकडे यंत्रावर चुंबकत्व काढून घ्या, काही मिनिटांचं काम आहे. त्यासाठी कुणी सर्व्हिसिंगचे पैसे मागितले तर सरळ दुसऱ्या दुकानात जा.