वीस-पंचवीस वर्षं माळ्यावर पडलेला टेबल फॅन आणि मिक्सर दुरुस्त करून वापरता येतील का? थेट प्लग लावून बघू का?

थेट प्लग लावू नका. वापरता येतील का, याचं उत्तर मात्र बहुतेक वेळा 'हो' असंच असतं.

जुन्या वस्तू उघडायचा मला नाद आहे. त्यांत मोटर क्वचितच गेलेली सापडते. तांबं नुसतं पडून राहून बिघडत नाही. वाया जातं ते रबर, वंगण आणि कपॅसिटर (फॅनच्या मोटरला सुरू व्हायला मदत करणारा छोटा भाग). म्हणून आधी वायर बघा. जुनी रबरी वायर वाकवली की तडकते. तिला चिकटपट्टी गुंडाळत बसू नका, सगळीच बदला. बॉडी धातूची असेल तर तीन पिनांची वायर घालून अर्थिंग बॉडीला पक्कं जोडा.

मग इन्सुलेशन, म्हणजे वीज बॉडीत उतरू न देणारं आवरण. पिन आणि बॉडी यांना मल्टिमीटर लावून लोक निर्धास्त होतात, पण तो जेमतेम काही व्होल्टवर तपासतो. ओल धरलेलं वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) त्याच्याकडून पास होतं आणि २३० व्होल्टवर शॉक देतं. मोटर रिवाइंड करणाऱ्यांकडे मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) असतो, तो ५०० व्होल्टवर तपासतो. रीडिंग निदान १ मेगाओहम तरी हवं. ओलीमुळे कमी आलं असेल तर मोटर कडक उन्हात वाळवून पुन्हा बघा.

फॅन पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये, म्हणजे फॅनला जाणारी वीज आधी बल्बमधून जाईल असा, १०० वॅटचा तारेचा बल्ब घाला (एलईडी नको). बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे. मिक्सरला ही युक्ती लागू नाही. मोठ्या मोटरवर बल्ब तसाही पेटतो.

फॅन नुसताच गुणगुणत असेल, तर प्लग काढून पातं हाताने फिरवा. लगेच अडकलं तर बुशमधलं (दांडा ज्यात फिरतो त्या नळीतलं) तेल सुकून त्याचा डिंक झालाय: रॉकेलने धुऊन, पुसून, वाळवून शिलाई मशीनचं तेल द्या. सहज फिरत राहिलं तर कपॅसिटरवर संशय घ्या (अगदी छोट्या फॅनमध्ये तो नसतोही). नवा त्याच एमएफडीचा (मायक्रोफॅरड, हे कपॅसिटरचं माप) घ्या. 'जास्तीचा टाका, वेग वाढेल' हा सल्ला सर्रास मिळतो. त्याने वाइंडिंग तापतं.

मिक्सरमध्ये ठिणग्या जास्त दिसल्या तर बहुधा कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजलेत. त्याच मापाचे बसवा आणि कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या गोल भागाच्या) पट्ट्यांमधल्या खाचांत अडकलेली काळी पूड काढून टाका.

माळ्यावर जुनी इस्त्री किंवा फ्रिजही असेल, तर तिथे मी हात आखडता घेतो. इस्त्रीत एलिमेंटपाशी (तापणाऱ्या तारेपाशी) अॅस्बेस्टॉस असू शकतो, त्याची धूळ श्वासातून घातक असते; ती उघडू नका. फ्रिजचं गॅस्केट (दाराचं रबर), थर्मोस्टॅट, रिले (कॉम्प्रेसर सुरू करणारा स्विच) जरूर बदला. पण गॅसच गेला असेल तर नाद सोडा: त्या काळच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-१२ हा थंड करणारा गॅस असायचा आणि ओझोन थर वाचवण्यासाठीच्या १९८७च्या माँट्रियल करारानंतर त्याचं उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद झालं.